कर्णधार बाद झाल्यावर

‘नेता जसा, तसा संघ’ हे वाक्य संघबांधणीच्या कार्यशाळांत हमखास ऐकू येतं. मग पडद्यावर १९७१ साल येतं : वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारे क्रिकेट कर्णधार अजित वाडेकर, बांगलादेशचं युद्ध जिंकणारे लष्करप्रमुख माणेकशॉ. अशा एका वर्गात मी दोन दिवस बसलो आणि चिडून बाहेर पडलो. कारण हे दोन्ही दाखले त्या वाक्याच्या विरुद्धच साक्ष देतात.

इंग्लंडविरुद्धच्या ओव्हल कसोटीचाच शेवटचा दिवस घ्या, २४ ऑगस्ट १९७१. भारताला जिंकायला १७३ धावा हव्या होत्या. आदल्या दिवसअखेर ७६ झालेल्या, वाडेकर ४५ वर नाबाद. सकाळी खेळ सुरू झाला आणि एकही धाव न वाढवता वाडेकर धावबाद झाले. नेत्यावरच संघ उभा असेल, तर तो इथे कोसळायला हवा होता. सरदेसाईंनी ४० काढल्या, विश्वनाथने ३३, इंजिनियर शेवटपर्यंत टिकले आणि अबिद अलीने चौकार मारून सामना संपवला. कर्णधार तंबूत होता.

आदल्या दिवशी इंग्लंड १०१ मध्ये गारद झालं होतं. चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सगळ्यांना पाठ आहेत. मला मात्र एकनाथ सोलकर दिसतो. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा बॅटपासून हाकेच्याही नाही, हाताच्या अंतरावर वाकून उभा असे, डोक्याला हेल्मेट नाही. पहिल्या डावात ९० काढणारा अ‍ॅलन नॉट समोर होता. वेंकटराघवनचा चेंडू बॅटला लागून खाली येऊ लागला आणि सोलकरने पुढे अंग झोकून तो गवतापाशी उचलला. असा झेल कुणाच्या हुकमावरून घेता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, सोलकरला तिथे उभं कोणी केलं? वाडेकरांनीच ना? आक्षेप रास्त आहे आणि माझं म्हणणं नेमकं तिथूनच सुरू होतं. नेत्याचं काम माणूस पारखून त्याला त्याची जागा देण्याचं आहे. त्यानंतर ती जागा त्या माणसाची. त्याच वर्षी सरदेसाईंनी वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा केल्या. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात गेला, तेव्हा फॉलोऑनसाठी दीडशेची आघाडी पुरते हा नियम वाडेकरांना ठाऊक होता. सोबर्सच्या संघाला पुन्हा खेळायला लावण्याचं धैर्य त्या माहितीतून आलं. गर्जना करावी लागली नाही.

आणि १९७४? तेच वाडेकर, तेच इंग्लंड, लॉर्ड्सवर सर्व बाद ४२, मालिका ०-३. तीन वर्षांत त्यांचं नेतृत्व आटलं होतं का? उन्हाळ्याच्या सुरुवातीची ओलसर हवा आणि फिरकीला साथ न देणाऱ्या खेळपट्ट्या यांचा विचार कोण करतो! ज्यांनी सगळं श्रेय एकाला दिलं, त्यांनीच सगळं खापर त्या एकाच्या डोक्यावर फोडलं. वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. नेतापूजेचा हा दुसरा चेहरा मला फार क्रूर वाटतो.

माणेकशॉंचं थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्येच पूर्व बंगालात उतरा म्हटल्यावर ते पंतप्रधानांसमोर ‘नाही’ म्हणाले : पाऊस तोंडावर, नद्या फुगणार, रणगाड्यांची तयारी अपुरी. धाडस त्यांचं एकट्याचं होतं, हे मान्य. पण त्यातून त्यांनी मिळवला तो जवानांसाठी वेळ. डिसेंबरात लढाई तेरा दिवसांत आटोपली, त्यामागे हे सात-आठ महिने होते.

धंद्यातला दाखला हवा तर परदेशातल्या कंपन्यांकडे कशाला जायचं? मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून माणसाला त्याची जागा देऊन काम करत आहेत. बहुतेक जण मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडचे. डब्याच्या झाकणावर रंग, आकडे, अक्षरं. त्यांत उतरायचं स्टेशन, इमारत आणि मजला सगळं आलं. गट आपापला कारभार पाहतो, कमाई वाटून घेतो आणि दोन-चार माणसं जादा ठेवतो. गटाचा मुकादम सगळ्यात जुना, अनुभवी. भांडणं तोच मिटवतो. जादा माणसंही कमी पडली की तोच डोक्यावर ओझं घेऊन लोकलच्या लगेज डब्यात चढतो. एक वाजता डबा टेबलावर असतो आणि जेवणाऱ्याला आज कोण गैरहजर होतं हे कळतसुद्धा नाही.