हात देणारी थोरली बहीण

आपल्या खेड्यांतील कन्या शिकून परिचारिका, शिक्षिका वा कारकून होतात आणि नोकरीनिमित्त बडोद्यास जाऊन कारेलीबागेसारख्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहू लागतात. घरची मंडळी पगार किती व राहण्याची सोय कशी, एवढे विचारून निश्चिंत होतात. परंतु एक प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो. तिला काम समजावून सांगणारी, प्रसंगी तिच्या वतीने चार शब्द बोलणारी एखादी अनुभवी स्त्री तेथे आहे काय? आमच्या मते हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचे कारण इतिहासावरून स्पष्ट होईल.

१८६९ साली स्कॉटलंडातील एडिंबरो विद्यापीठात सोफिया जेक्स-ब्लेक व तिच्या सहचारिणी वैद्यकशास्त्र शिकावयास दाखल झाल्या. त्यांपैकी एडिथ पीची हिने रसायनशास्त्राच्या परीक्षेत उत्तम यश मिळविले. परंतु ती स्त्री म्हणून तिची शिष्यवृत्ती तिच्याहून कमी गुण मिळविणाऱ्या पुरुष विद्यार्थ्यास देण्यात आली. शेवटी त्या विद्यापीठाने या स्त्रियांना पदवी दिलीच नाही. तेव्हा सोफियाने १८७४ साली लंडन येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय उभे केले. जे दार स्वतःला बंद झाले, ते मागून येणाऱ्यांसाठी तिने दुसरीकडे उघडले.

हीच एडिथ पीची १८८३ साली मुंबईस आली व स्त्रियांच्या कामा रुग्णालयाची प्रमुख झाली. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने मोठेपणी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८७ साली न्यायालयाने फर्मावले, की नांदावयास जा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे १८८८ साली तडजोड झाली. उभयतांच्या मुक्त संमतीवाचून विवाह होत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या स्त्रीच्या धैर्याचे मोल सहज कळेल.

खटला मिटला, परंतु पुढे काय? येथे डॉक्टर पीची यांनी हात दिला. वैद्यकी शिकण्यास त्यांनी रखमाबाईंना उत्तेजन दिले व पैसा उभा करण्यास साह्य केले. १८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या आणि सोफियाने स्थापिलेल्या त्याच विद्यालयात शिकल्या. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि मायदेशी परतल्यावर पुढे आपल्या गुजरातेतच, प्रथम सुरतेस व नंतर राजकोटास, त्यांनी स्त्रियांची सेवा केली.

दुसरा धागा आपल्या कॅथोलिक कुटुंबास अधिक जवळचा आहे. सोफियाची मैत्रीण अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन १८७८ साली फ्रान्समध्ये डॉक्टर झाली व वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिने कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. तिच्या खटपटीने १९०९ साली रावळपिंडीस स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय निघाले. परंतु त्या काळी ख्रिस्तसभेच्या कायद्याने व्रतस्थ भगिनींना वैद्यकी करता येत नसे. ही मनाई उठावी म्हणून तिने रोमला अनेकदा विनविले. ऑस्ट्रियातील अ‍ॅना डेंगेल या तरुणीशी तिचा पत्रव्यवहार झाला व वैद्यकी शिकण्याची वाट तिने त्या मुलीस दाखविली. १९१३ साली अ‍ॅग्नेस वारली. दोघींची भेट कधीच झाली नाही. तरी अ‍ॅना डॉक्टर झाली, १९२० साली रावळपिंडीस आली, आणि १९२५ साली तिने वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला. १९३६ साली रोमने ती मनाई उठविली. काही पत्रांनी केवढे कार्य केले!

वाचक भगिनींनो, आपणांपैकी ज्या नोकरीत स्थिरावल्या आहेत, त्यांना आमचे सांगणे आहे. ‘आम्ही सोसले, आता तिनेही सोसावे,’ हा विचार मनात येऊ देऊ नका. रात्रपाळी कशी सांभाळावी, रजेचा अर्ज कसा लिहावा, वरिष्ठ अयोग्य वागल्यास कोणाकडे दाद मागावी, हे नव्या मुलीस तुम्हीच सांगू शकता. यास कोणी वशिला म्हणेल, परंतु वशिला अपात्रास खुर्ची देतो, आणि मार्गदर्शन पात्र व्यक्तीस काम शिकविते. नव्या मुलींनीही विचारण्यात कमीपणा मानू नये. आणि बंधूंनो, आपली पत्नी वा बहीण अशा मुलीसाठी सायंकाळचा एक तास देत असेल, तर त्या वेळी चूल आपण पाहावी.

पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातून वाट तुडवीत अलिशिबेकडे गेली व सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली. एक वयोवृद्ध, एक तरुण; दोघींच्याही पुढे काही अपूर्व वाढून ठेवलेले होते, आणि दोघींना एकमेकींचा आधार झाला. ज्यांची कन्या नुकतीच शहरात नोकरीस गेली आहे, त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील अनुभवी भगिनींशी बोलावे. आणि त्या भगिनींनी तिला निदान एक पत्र लिहावे, वा एक फोन करावा.