हायवे पाडून बाग, पण बस आधी

शहरातला हायवे पाडून तिथे झाडे, पाणी आणि चालायला जागा करावी, ही मागणी आता आपल्याकडच्या तरुणांच्या बोलण्यातही येते. दाखला दिला जातो दक्षिण कोरियातल्या सोल शहराचा. दाखला चांगला आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो.

सोलच्या मधून वाहणारा चंगेचन ओढा 1958 पासून काँक्रीटखाली गाडला गेला. काठावरच्या झोपड्या हटवल्या आणि वर उड्डाणमार्ग उभा राहिला. जुलै 2003 मध्ये तो पाडायला घेतला आणि ऑक्टोबर 2005 मध्ये तिथे सुमारे 5.8 किलोमीटरचा ओढा व हिरवा पट्टा खुला झाला. रोज लाखाहून अधिक गाड्यांचा मार्ग गेला, तरी शहर ठप्प झाले नाही. कारण बाग खुली होण्याच्या 15 महिने आधी, 1 जुलै 2004 रोजी, सोलने बससेवाच बदलून टाकली. मार्ग नव्याने आखले, रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळ्या मार्गिका काढल्या, बस आणि मेट्रोचे भाडे एकत्र केले. एक बस सोडून दुसरी धरली तर पुन्हा पहिल्यापासून भाडे भरावे लागत नाही.

न सांगितला जाणारा भाग फेरीवाल्यांचा आहे. उड्डाणमार्गाखाली पथारी लावून पोट भरणाऱ्यांना दोंगदेमुनच्या जुन्या स्टेडियममध्ये नेले. काही वर्षांत ते स्टेडियमही पाडले गेले आणि तिथे झगमगीत डिझाइन केंद्र उभे राहिले. बाग झाली, पण तिच्यासाठी दोनदा उठावे लागले ते गरिबांनाच.

मुंबईत उलटी गंमत आहे. इथे हायवे पाडून बाग होत नाही, हायवेला जोडून बाग मिळते. कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव घातला आणि त्यातली बरीच जागा मोकळी, हिरवी राहील असे सांगितले गेले. त्या रस्त्यावर टोल नाही. दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. मे 2025 मध्ये ‘बेस्ट’चे किमान भाडे मात्र 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. चारचाकीवाल्याला फुकट रस्ता आणि बसवाल्याला दुप्पट तिकीट, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

आता घाटकोपरकडे पाहू. पूर्व मुक्त मार्ग छेडा नगरपासून ठाण्याच्या आनंद नगरपर्यंत वाढवण्याचे काम हाती आहे आणि माता रमाबाई आंबेडकर नगरातली घरे त्याच्या वाटेत येतात. ही तीच वस्ती, जिथे 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक हायवेवर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मारले गेले. पुनर्वसनाची मोठी योजना जाहीर आहे. याच हायवेलगतची गुलाबी फुलांची झाडे वाचावीत म्हणून शहरात चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण घर गेल्यावर मधली वर्षे माणूस कुठे राहील, तिथून कामावर किती बस बदलून जाईल, मुलांची शाळा कशी गाठायची, हा हिशेब तेवढ्या आवाजात कोणी विचारला नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी एक जादा बस म्हणजे रोजचे वीस रुपये आणि एक काम कमी.

कोरीटमध्ये बसून आम्ही हे का लिहितो, असे कोणी विचारेल. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून लोक कामासाठी सुरत, मुंबईकडे जातात आणि तिथे हायवेच्या कडेलाच राहतात. रस्ता बांधला तरी उठणार तेच, आणि उद्या तो पाडून बाग केली तरी उठणार तेच. शिवाय बागेला फाटक, तिकीट आणि रखवालदार लागला की कोण आत जाईल हेही ठरते. सार्वजनिक जागा सगळ्यांची असते, हे 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर सांगावे लागले होते.

म्हणून मागणी नुसत्या बागेची नको. विकास आराखड्यावर 1966 च्या नगररचना कायद्याखाली हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या वेळी वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी शंभर घरांची साधी नोंद करून जोडावी: कामावर कोण कशाने जाते, किती पैसे, किती वेळ, रात्री शेवटची बस कधी. ही नोंद दोन रविवारांत होते, आणि हरकतीवर सुनावणी लागली की तिथे हाच कागद पुढे ठेवता येतो.