तीर्थक्षेत्राचा अक्षयनिधी

नाशिकास येणारा यात्रेकरू रामकुंडावर स्नान करतो, काळारामाचे दर्शन घेतो, सीतागुंफेतून वाकून बाहेर पडतो आणि दुपार कलण्याच्या आत त्र्यंबकेश्वराची वाट धरतो. त्याच्या श्रद्धेत उणे काही नसते, परंतु ज्या नगरीने सुमारे दोन सहस्र वर्षांचा इतिहास पाषाणात जपून ठेवला आहे, तिची ओळख मात्र त्याला घडत नाही. हा दोष केवळ त्याचा नव्हे. ती ओळख करून देणे आणि ती पाषाणसंपदा सांभाळणे हे ज्यांचे कर्तव्य, त्यांनी या कामाची कायमची तजवीज आजवर केलेली नाही.

गोदावरीच्या काठची मंदिरे ही बहुतांशी पेशवाईची निर्मिती आहे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1747 मध्ये रामेश्वराचे देऊळ उभारले आणि त्याच्या तटावरील घंटा 1739 च्या वसईच्या विजयाचे स्मरण देत राहिली. गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी 1756 मध्ये सुंदरनारायणाचे मंदिर बांधले. आणि त्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणातील राममंदिर सिद्धीस नेले. मंदिर बांधून झाले म्हणजे कार्य संपले, असे त्या काळी मानीत नसत. दिवाबत्ती, पूजाअर्चा आणि डागडुजी यांसाठी इनाम जमीन वा नक्त नेमणूक लावून देण्याचा आणि तशी सनद करून ठेवण्याचा रिवाज होता. पुढे ती व्यवस्था विस्कळीत झाली, आणि गोदेचे पूर व ऊनपाऊस सोसणारा दगड मात्र झिजतच राहिला.

काळारामाच्या महाद्वाराशी तर प्रत्येकाने क्षणभर थांबले पाहिजे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालविला, आणि तरीही दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला, त्यामागे या द्वारावरील अनुभवही होता. त्या शिल्पाचे सौंदर्य पाहावे आणि हा अन्याय विसरावा, असे दर्शन अपुरे होय. मंदिराची माहिती सांगणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहासही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

कायमच्या व्यवस्थेचा धडा शोधण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. शहरालगतच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. 2000 वर दरमहा शेकडा एक आणि 1000 वर शेकडा पाऊण असे व्याज ठरविले. मुद्दल कधीही परत द्यावयाचे नाही, व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा, अशी अट घातली. आणि हे सर्व निगमसभेत जाहीर करून त्याची रीतसर नोंद करविली. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरे मिळत. हाच उषवदात ब्राह्मणांना आणि तीर्थांनाही दाने देत होता. धर्म कोणताही असो, पुण्यकार्य टिकावयाचे तर त्याच्या मागे अक्षयनिधी हवा, हे त्या काळच्या दात्यांस पुरते कळले होते.

आज आपले वर्तन याच्या नेमके उलट आहे. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, त्याबरोबर प्रचंड निधी येतो, रस्ते, पूल आणि घाट घाईने उरकले जातात, आणि पर्वणी सरली की पुढील तपापर्यंत जुन्या वास्तूंकडे कोणी फिरकत नाही. रामकुंडाच्या परिसरात नदीच्या पात्रात काँक्रीट ओतून प्राचीन कुंडे बुजविली गेली, ती अशाच घाईची साक्ष आहेत. 2015 नंतरच्या सिंहस्थाची तयारी करताना त्या खर्चातील एक ठराविक हिस्सा शासनाने मुद्दल म्हणून वेगळा काढावा, त्यास कोणी हात लावू नये, आणि त्याच्या व्याजातून मंदिरे, कुंडे व लेणी यांची नित्य देखभाल, जाणकार पाथरवटांचे वेतन आणि शुद्ध मराठीतील माहितीफलक यांचा खर्च भागवावा. हिशेब दरसाल नागरिकांपुढे ठेवावा. यात्रेकरूनेही एक पूर्ण दिवस या नगरीस द्यावा आणि पांडवलेणी पाहिल्यावाचून परतू नये. जतनाची जी रीत याच भूमीतील दगडावर कोरलेली आहे, ती अंगीकारण्यास आता विलंब नको.