थंडीपूर्वी मोटारहोमचं पाणी काढताना



आपल्यापैकी अनेकींची लेक, बहीण नाहीतर नणंद परदेशात असते. आजची माहिती तिच्यासाठी. पण शेवटची गोष्ट तुमच्या-माझ्या घरचीच आहे.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी वन्संकडे अमेरिकेत, मिनेसोटाला गेले होते. दाराशी त्यांची मोटारहोम उभी. बसएवढी गाडी, आत ओटा, बेसिन, न्हाणीघर, पाण्याची टाकी, पंप आणि छोटा गीझरसुद्धा! उन्हाळाभर तिच्यातून हिंडायचं, हिवाळ्यात ती बंद ठेवायची.

मी पोचले त्याच दुपारी टीव्हीवर सांगितलं, रात्री पारा शून्याखाली सहा अंश. वन्सं उठल्याच. “वहिनी, चहा मागाहून. आधी गाडीतलं पाणी काढू या.”

घाईचं कारण होतं. आदल्या वर्षी त्यांनी सगळे नळ रिकामे केले, पण गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेला हातशॉवर विसरल्या. वसंतात पंप सुरू केला तर भिंतीआड पाणी, खालची फळी फुगलेली! फ्रीजरमध्ये पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली तडकते ना, तसंच हे. शंभर भाग पाण्याचा बर्फ झाला की त्याला जवळजवळ १०९ भाग जागा लागते.

आम्ही केलं ते असं. सांडपाण्याच्या आणि संडासच्या टाक्या ठरलेल्या जागी आधीच रिकाम्या केल्या होत्या. गीझर सकाळीच बंद केलेला. तो पुरता गार झाल्यावर गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडला आणि मगच गीझरचं बूच काढलं. घाई केलीत तर कढत पाणी अंगावर येईल, सांभाळा! मग पिण्याची टाकी आणि पाइप तळाच्या तोट्यांतून रिकामे केले.

एवढ्याने भागत नाही. पंपात, वाकड्या पाइपांत पाणी उरतंच. त्यासाठी गोठणरोधक द्रव, म्हणजे अँटिफ्रीझ, भरायचं. गीझर त्याने उगाच भरू नये म्हणून त्याची वाट बाजूच्या तोट्या फिरवून बंद केली. पंपाची नळी डब्यात सोडली आणि एकेक नळ, गरम आणि गार दोन्ही, गुलाबी धार येईपर्यंत उघडला. शॉवर, संडासचा फ्लश आणि यंदा आठवणीने तो बाहेरचा हातशॉवरही! शेवटी प्रत्येक मोरीत कपभर ओतलं. तीन गॅलन, म्हणजे साधारण ११ लिटर पुरलं.

पण मध्येच एक डबा संपला तेव्हा वन्संचे यजमान गॅरेजमधून दुसराच घेऊन आले. “हेही अँटिफ्रीझच आहे की!” वन्संनी वाचून तो तिथेच खाली ठेवायला लावला. तो मोटारीच्या इंजिनाचा होता, इथिलीन ग्लायकॉलचा. चवीला गोडसर, पण विषारी; मूत्रपिंडं निकामी करणारा. उन्हाळ्यात त्याच नळाचं पाणी नातवंडं पिणार! पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी खास मिळणारं, बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉलचं द्रवच हवं. रंगावर मात्र मुळीच जाऊ नका. मोटारीचं द्रवही गुलाबी मिळतं. डब्यावरचं वाचा.

वसंतात हे सगळं स्वच्छ पाण्याने धुऊन काढायचं, मगच पाणी प्यायचं.

वन्संनी सगळ्या नळांची यादी आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. डोक्यात ठेवलेलं घाईत निसटतं, नाही का?

आणि आपलं काय? आपल्या घरी मोटार असेल तर तिच्या कूलंटमध्येही बहुधा हेच इथिलीन ग्लायकॉल असतं. उरलेलं कूलंट सरबताच्या नाहीतर पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. आज स्वयंपाक आटोपला की एकदा जिन्याखाली पाहून याच!