कोमट दुधाची परीक्षा

माझी ताई बंगळुरूला सर्जापूर रोडवर राहते. आठव्या मजल्यावर फ्लॅट, खाली सकाळ-संध्याकाळ तुंबलेली वाहतूक. ताई आणि भावोजी साडेआठला घराबाहेर पडतात, भाची कॉलेजला जाते. मग घरात उरतात त्या ताईच्या सासूबाई. मी त्यांना मावशी म्हणते. दोन वर्षांपूर्वी कऱ्हाडचं घर बंद करून त्या इथे आल्या. कानडी येत नाही, हिंदी जेमतेम. स्वयंपाकाला बाई आहे, त्यामुळे हाताला काम नाही.

यंदा जानेवारीत मी गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी मावशींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या ताईला समजाव बाई. मला कऱ्हाडला पोचवा. इथे मी नुसती पाहुणीसारखी बसून असते."

ताईला विचारलं, तर तिचे डोळे भरून आले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला एकटीला कशी ठेवू गं?" दोघींचंही खरं होतं. मी काय बोलणार?

शनिवारी भाचीने दालचिनीचा गोड पाव घरी करायचा घाट घातला. मावशींनी आधी विचारलं, "अंडं नाही ना त्यात?" नाही म्हटल्यावर त्या निश्चिंत झाल्या. त्यांच्या लहानपणी पाव म्हणजे बाटवणारी वस्तू होती. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, या गोष्टी वसई-गोव्याकडून देशावरही पोचलेल्या. गोव्यात पोदेर माडाच्या सुरेने पीठ फुगवत, हेही एक निमित्त होतंच. बंगळुरूत मात्र वेगळीच गंमत. हासन जिल्ह्यातून आलेल्या अय्यंगार मंडळींनी इथे बिनअंड्याच्या बेकऱ्या थाटल्या आणि खारा बन, दिलपसंद सोवळ्यातल्या घरांतही पोचवले. मावशींनाही तो खारा बन आवडतो.

भाचीने दूध उकळलं, त्यात साखर आणि यीस्ट घातलं, मैदा भिजवला आणि दोन तास वाट पाहिली. पिठाचा गोळा जसाच्या तसा, पाट्यासारखा! "यीस्टच खराब निघालं," असं म्हणून ती पाकीट फेकायला निघाली.

मावशी इतका वेळ खुर्चीतून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "दही लावताना एवढं कढत दूध घेतेस का गं?"

मैत्रिणींनो, सगळं मर्म या एका प्रश्नात आहे. यीस्ट ही पावडर दिसत असली, तरी ते जिवंत सूक्ष्म जीव असतात. पिठातली साखर खाऊन ते वायू सोडतात आणि त्या बुडबुड्यांनी पाव फुगतो. साधारण पस्तीस ते चाळीस अंशांचं दूध त्यांना मानवतं. साठ अंशांच्या आसपास ते मरतात. घरात थर्मामीटर नसेल, तर मावशींची परीक्षा वापरा. दुधाचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकायचा. तान्ह्या बाळाला पाजता येईल इतकंच कोमट हवं.

दुसऱ्यांदा पीठ भिजवलं. या खेपेला भाचीने दालचिनीची पूड हौसेने पिठातच मिसळली होती. पीठ फुगलं, पण रडतखडत. याचंही कारण आहे. दालचिनीला ज्याच्यामुळे वास येतो, तेच तेल यीस्टची वाढ मंदावतं. म्हणून दालचिनी पिठात न घालता सारणात घालावी. शिवाय बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, जानेवारीत हवा गारच. मावशींनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि वर आपली शाल गुंडाळली.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे रविवारी, मावशी स्वतः ओट्यापाशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी जे प्रमाण जमलं, ते असं:

मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम (दोन लहान चमचे), साखर ६० ग्रॅम, मीठ एक लहान चमचा, कोमट दूध पाव लिटर आणि लागेल तसे आणखी दोन-तीन मोठे चमचे, मऊ लोणी ६० ग्रॅम. सारणासाठी लोणी ६० ग्रॅम, गुळाची पूड १०० ग्रॅम, दालचिनीची पूड दीड मोठा चमचा आणि मैदा एक मोठा चमचा. सारणातल्या मैद्यामुळे वितळलेला गूळ बाहेर वाहत नाही.

कोमट दुधात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला तरच पुढे जा, म्हणजे मैदा वाया जात नाही. मीठ आणि उरलेली साखर मैद्यात मिसळा, दूध घालून पीठ भिजवा, शेवटी लोणी घाला. मग दहा-बारा मिनिटं चांगलं तिंबा. मावशी म्हणाल्या, "ही तर पुरणपोळीची कणीक!" खरंच तशी. सैल, तलम, ताणली तर न तुटता पातळ पापुद्रा येणारी.

झाकून ठेवा. दुपटीने फुगायला उन्हाळ्यात तास पुरतो, थंडीत दोन. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: बोट दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की झालं. मग आयताकृती पोळी लाटून सारण पसरा आणि अळूवडीसारखी घट्ट सुरळी करा. बारा तुकडे कापून लोणी लावलेल्या डब्यात शेजारी शेजारी मांडा. पुन्हा पाऊण तास फुगू द्या. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा. वरून लवकर लाल झालं, तर फॉइल झाका.

दालचिनी घेताना थोडं लक्ष द्या. बाजारात बहुतेक जाड, कडक सालीची मिळते, ती कॅसिया. खरी दालचिनी पातळ, अनेक पदरी, बोटांनी चुरता येणारी. कॅसियात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं आणि ते रोज फार पोटात गेलं तर यकृताला बाधू शकतं. सणावाराच्या पावाला हरकत नाही. पण खऱ्या दालचिनीसाठी परदेशाकडेच बघायला हवं असं नाही. आपल्या कोकणात नारळीच्या बागांत ती होते आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही तिची जातही काढली आहे.

दूर स्वीडनमध्ये या पावाचं एवढं कौतुक, की १९९९पासून ४ ऑक्टोबर हा त्याचा खास दिवस पाळतात. आमच्याकडे तो रविवारीच साजरा झाला. घरभर वास सुटला आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या कानडी आजी वासाच्या मागोमाग आल्या होत्या. मावशींनी पाव पुढे केला. त्यांनी हुंगून विचारलं, "चक्के?" मावशी गोंधळल्या. भाची म्हणाली, "आजी, दालचिनीला कानडीत चक्के म्हणतात." दोन वर्षांत मावशी शिकलेला हा पहिला कानडी शब्द.

कऱ्हाडचा विषय संपलाय असं नाही. एका पावाने असे प्रश्न सुटत नसतात. पण आता स्वयंपाकाच्या बाईला ताईने रविवारी सुट्टी दिली आहे. परवा मी फोन केला, तेव्हा मावशी घाईतच होत्या. "नंतर कर गं. समोरच्या शिकायला आल्यात आणि दूध जास्त तापवून बसल्यात!"