उचल घेतलेला माणूस

दिवाळीच्या आसपास नंदुरबार जिल्ह्यातून माणसांनी भरलेले ट्रक जाताना आपण दरवर्षी पाहतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची कुटुंबं भांडीकुंडी आणि लेकरं घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. मुकादमाने पावसाळ्यातच, घरातलं धान्य संपत आलेलं असताना, उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगाम संपूनही उचल फिटली नाही, तर पुढचं वर्षही त्याच मुकादमाचं.

स्वखुशीने कामाला जाणं वेगळं. पण उचल फिटेपर्यंत माणसाला सोडायचंच नाही, ही वेठबिगारी झाली. संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी दोन्हींना मनाई केली आहे. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितलं.

आपल्या शहाद्यात हा लढा जुना आहे. सत्तरच्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने सालदारांची, जमिनी गमावलेल्या भिल्लांची बाजू घेतली. पुढे वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला, १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे ऐन आणीबाणीत! कागदावर मजूर मोकळा झाला. पण वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, कार्यकर्ते तुरुंगात होते. तक्रार करणाराच घाबरलेला असेल, तर कायदा कोणाच्या कामाचा? माणसं विकणाऱ्यांना लोकांचं गप्प राहणंच हवं असतं. सरकार जुलमी झालं की ते त्यांना फुकटात मिळतं.

आज अडचणी वेगळ्या आहेत. घर महाराष्ट्रात, काम गुजरातेत. उचलीचा कागद मजुराच्या हाती नसतो. मुकादम अनेकदा ओळखीतला, कधी नात्यातला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असावी, असं कायदा म्हणतो; सुटलेल्या मजुराला मुक्तीचा दाखला मिळायला हवा. पण तिथवर त्याला नेणार कोण?

वाचकहो, स्वतंत्र माणूस विकून त्याची किंमत खाणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, अशी ताकीद आपल्याला आहे. तेव्हा हिशेब घरापासून सुरू करू. तो ट्रक आपला तर नाही ना? आपल्या दुकानाची उधारी मुकादम मजुराच्या उचलीतून तर फेडत नाही ना? वाटेत एखादं लेकरू कामाला नेताना दिसलं, तर १०९८ वर फोन लावायला पैसे लागत नाहीत. एवढं तरी आपल्या हातात आहे.