फुकट नंबराची किंमत

लक्ष्मी रस्त्यावरून किंवा टिळक रस्त्यावरून फेरी मारली, तर चष्म्याच्या दुकानांवर एक पाटी हमखास दिसते : 'संगणकाद्वारे डोळ्यांची मोफत तपासणी'. फुकट म्हटले की पुणेकराला संशय येतो, असा त्याचा लौकिक. या पाटीपाशी मात्र तो का कोण जाणे गाफील असतो. आत जातो, यंत्राला हनुवटी टेकवतो, भिंगातून लांबवरचा रंगीत फुगा पाहतो. दोन मिनिटांत आकड्यांची चिठ्ठी बाहेर येते आणि पाऊण तासाने सात-आठ हजारांचा चष्मा करायला टाकून तो घरी परततो. डॉक्टरांची पाचशे-सातशे रुपये फी वाचली, याचे समाधान वेगळेच.

हिशेब चुकतो तो इथे. डोळ्यांच्या खर्चात काटकसरीला वाव आहे, आणि भरपूर आहे. पण तो चष्म्यात आहे, तपासणीत नाही. बहुतेक घरांत याच्या नेमके उलटे चालते.

आधी ते यंत्र काय करते ते पाहू. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण ते बुबुळातून आत सोडते, मागच्या पडद्यावरून परत येणाऱ्या प्रकाशावरून चष्म्याच्या नंबराचा अंदाज बांधते. अंदाजच. त्यानंतर अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून, एकेक काच बदलून, 'ही बरी की ती बरी' असे विचारत नंबर पक्का करावा लागतो. चांगल्या दुकानात शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट असतो आणि तो हे काम नीट करतो. डोळ्यात काही वेगळे दिसले तर चष्मा न विकता गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे पाठवणारे दुकानदारही शहरात आहेत. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. नंबर निघाला म्हणजे डोळे तपासले, ही जी समजूत घट्ट बसली आहे, तिच्याबद्दल आहे.

काचबिंदूचेच घ्या. डोळ्यातला दाब वाढून, काहींच्या बाबतीत दाब फारसा वाढलेला नसतानाही, मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळत जाते. नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही. आधी जाते ती कडेची नजर. समोरची अक्षरे वाचण्याची ताकद जवळजवळ शेवटपर्यंत शाबूत राहते. म्हणजे तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ खडाखडा वाचणाऱ्या माणसाची निम्मी नस गेलेली असू शकते. गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही. उरलेली तेवढी सांभाळता येते. सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात असा रुग्ण नवा नाही : चार वर्षांत तीन चष्मे बदललेले, तिन्ही दुकानांत नंबर फुकट काढलेला, आणि कोणी एकदाही दाब मोजलेला नाही किंवा नस पाहिलेली नाही. तिन्ही चष्म्यांची बिले मिळून जेवढी रक्कम होते, तेवढ्यात आयुष्यभराच्या तपासण्या झाल्या असत्या. चाळिशीनंतर प्रत्येकाने, आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच, दाब आणि नस एकदा तपासून घेतलीच पाहिजे.

मधुमेहाची गोष्ट याहून गमतीची आहे, खिशाच्या दृष्टीने तर आहेच. रक्तातली साखर बरीच वाढली की डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगात पाणी कमी-जास्त होते आणि नंबर सरकतो. अशा वेळी माणूस 'नजर अचानक बिघडली' म्हणून दुकान गाठतो, नवा चष्मा करतो. पुढे औषध सुरू होते, साखर ताब्यात येते, नंबर पुन्हा मूळ जागी जातो, आणि हजारो रुपयांचा चष्मा कपाटात. साखर ताब्यात आल्यावर काही आठवडे थांबून मगच नंबर काढावा, एवढे कळले तरी एक चष्मा वाचतो. वारंवार बदलणारा नंबर ही नव्या चष्म्याची नव्हे, रक्त तपासण्याची सूचना असू शकते. मधुमेह असल्याचे कळले की लगेच, आणि नंतर दरवर्षी, बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून घ्यायचा असतो. पडद्यावर रक्तस्राव सुरू झाले तरी सुरुवातीला दिसण्यात फरक पडत नाही.

आजोबांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला की घरात कौतुक होते. 'दृष्टी परत आली' म्हणतात. बहुतेक वेळा ती मोतीबिंदूची सुरुवात असते : भिंग घट्ट होऊन जवळचे स्पष्ट आणि लांबचे धूसर दिसते. त्या काळात दर सहा महिन्यांनी चष्मे बदलत बसण्यात अर्थ नाही. मोतीबिंदूचे काय करायचे ते आधी ठरवावे.

लहान मुलांच्या बाबतीत फुकट नंबर सर्वांत महाग पडतो. मुलांच्या डोळ्यांत जवळ पाहण्यासाठी ताण देण्याची शक्ती प्रचंड असते. यंत्रात पाहताना मूल नकळत तो ताण देते, आणि यंत्र नसलेला उणे नंबर दाखवते किंवा असलेला वाढवून दाखवते. म्हणून मुलाचा पहिला चष्मा डोळ्यांत औषध घालून, तो ताण सैल करून मगच ठरवायचा असतो. हे काम दुकानातले नाही.

मग ही तपासणी स्वस्तात कुठे होते? पुण्यात याचे उत्तर अवघड नाही. ससूनचा नेत्रविभाग आहे. तिथे केसपेपरचे नाममात्र पैसे पडतात. औंधचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून त्या विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क केलेले आहेत. महंमदवाडीचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन चालवते. शिवाय धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात; शस्त्रक्रियेची वेळ आली तर हे विचारायला लाजू नये.

सरकारी तपासणीला एक किंमत मात्र आहे, ती म्हणजे वेळ. बाहुली मोठी करायचे औषध घातले की काही तास जवळचे धूसर दिसते, उन्हाचा त्रास होतो. सकाळच्या ओपीडीत गेलेल्या माणसाची हजेरी बुडते. घरकाम करणारी बाई किंवा रिक्षाचालक दुकानातली दोन मिनिटांची तपासणी का पत्करतो, हे समजण्यासारखे आहे, आणि त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. नेत्रविभागाच्या संध्याकाळच्या ओपीडी सुरू झाल्या तर पाट्यांवरची 'मोफत' ही अक्षरे आपोआप फिकी पडतील. आणि हो, त्या दिवशी दुचाकी घरी ठेवावी. औषध घातलेल्या डोळ्यांनी पुण्याच्या रहदारीत गाडी चालवणे हा वेगळाच आजार ओढवून घेणे आहे. बसने जावे किंवा कुणाला तरी बरोबर न्यावे.

तपासणी झाली की चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी हातात मागून घ्यावी. हीच बचतीची खरी किल्ली. अमेरिकेत १९७८ साली नियम झाला, की नंबर काढल्यावर चिठ्ठी रुग्णाने न मागता, जादा पैसे न घेता आणि चष्मा इथूनच घ्या अशी अट न घालता द्यायची. कारण साधे होते : चिठ्ठी हातात असल्याशिवाय गिऱ्हाईक चार ठिकाणी भाव विचारू शकत नाही. आपल्याकडे नंबर दुकानाच्या संगणकातच राहतो आणि गिऱ्हाईकही तिथेच. चिठ्ठीवर दोन्ही बाहुल्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे. हा आकडा बहुधा लिहिलेला नसतो आणि त्याच्याशिवाय दुसरीकडे किंवा ऑनलाइन केलेला चष्मा डोके दुखवतो. बिलात फ्रेम वेगळी, काचा वेगळ्या आणि काचांवरचे लेप वेगळे लिहून मागावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये चष्म्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तो बिलात उतरला आहे का, हेही पाहावे.

आता हात आखडायच्या जागा. फ्रेम जुनी आणि मजबूत असेल तर तिच्यातच नव्या काचा बसवाव्यात. दुकानदार नाखूश होईल, डोळ्यांना फरक पडत नाही. दोन-अडीचपर्यंतच्या नंबराला साधी प्लॅस्टिकची काच उत्तम. पातळ, महागड्या काचेचा फायदा चारच्या पुढच्या नंबराला कळतो. प्रकाश परावर्तन कमी करणारा लेप रात्री गाडी चालवणाऱ्याला उपयोगी आहे, त्याला पैसे द्यायला हरकत नाही.

'ब्लू कट'ला मात्र हरकत आहे. हिंजवडी-खराडीकडे दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या तरुणांना या काचा सर्रास विकल्या जातात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संगणकामुळे डोळ्यांना येणारा ताण साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी कमी झाल्याचे दिसले नाही. संगणकासमोर डोळे चुरचुरतात ते बहुतांशी पापण्या कमी मिटल्या गेल्यामुळे आणि एकाच अंतरावर तासन्‌तास पाहिल्यामुळे. दर २० मिनिटांनी २० फूट लांबवर २० सेकंद पाहावे. याला काही पडत नाही, म्हणूनच बहुधा याची पाटी कोणी लावत नाही.

'चाळिशी' हा शब्द मराठीत वयालाही आहे आणि चष्म्यालाही. चाळिशी उलटली की जवळचे दिसण्याची शक्ती कमी होणे हा आजार नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, लांबचा किंवा तिरका नंबर नसेल आणि डोळे एकदा तपासून झाले असतील, तर स्वारगेटला किंवा मंडईत मिळणारी शे-दोनशे रुपयांची तयार चाळिशी वाचायला, शिवायला, तांदूळ निवडायला पुरेशी आहे. ती लावल्याने डोळे 'बिघडतात' किंवा नंबर वाढतो, हे खरे नाही. उलट न लावल्याने काय जाते ते आसामच्या चहामळ्यांत मोजले गेले आहे. चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची चहापानांची तोडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारणारी, शिवणकामावर घर चालवणारी बाई पुण्याच्या प्रत्येक वस्तीत आहे. तिने चष्म्याचे दोनशे रुपये वाचवणे ही बचत नव्हे.

मुलांच्या बाबतीत स्वस्ताईला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती पुणे जिल्ह्यातच दिसून आली. डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण माध्यमिक शाळांत, चष्मे मिळालेल्या मुलांची काही महिन्यांनी पुन्हा पाहणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १,०१८ मुलांपैकी ३०० जणांच्याच डोळ्यांवर चष्मा होता. बाकीच्यांचा घरी राहिला होता, हरवला होता, मोडला होता. चिडवतात म्हणूनही काहींनी तो घालणे सोडले होते. फ्रेम मुलाला स्वतःला निवडू द्यावी, थोडी महाग पडली तरी. आणि काच न फुटणारी, पॉलिकार्बोनेटची घ्यावी. एकच डोळा चांगला असलेल्या मोठ्या माणसांनीही तीच घ्यावी; तिथे पैसे वाचवू नयेत.

शेवटी मोतीबिंदू, म्हणजे घरातला डोळ्यांवरचा सर्वांत मोठा खर्च. खासगी दवाखान्यात भिंगांची यादी पुढे येते आणि वीस हजारांपासून लाखापर्यंतचे आकडे ऐकून कुटुंब गोंधळते. त्यांनी पुण्यात झालेली एक चाचणी ऐकावी. एच. व्ही. देसाई रुग्णालयात ४०० डोळ्यांवर दोन पद्धतींची तुलना झाली : यंत्राने मोतीबिंदू विरघळवून काढायची फेको आणि हाताने करायची छोट्या छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया. २००५ मध्ये सहा आठवड्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चष्म्याविना पुरेसे दिसणारे फेकोत ८१ टक्के आणि हाताच्या पद्धतीत ७१ टक्के निघाले. चष्मा लावल्यावर दोन्हींत ९८ टक्के. रुग्णालयाला येणारा खर्च मात्र फेकोत अडीच पटींहून जास्त होता. म्हणजे पहिल्या पद्धतीचा फायदा आहे, पण चष्मा लावायची तयारी असलेल्या सत्तरीच्या माणसाने त्यासाठी कर्ज काढण्याइतका नाही. भिंगाचेही तसेच. एकाच अंतरावर स्पष्ट दिसणारे साधे भिंग आज भारतात बनते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ मध्ये ते बनवायला घेतले, त्याआधी परदेशी भिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणारी महाग भिंगे चष्मा बरीचशी सोडवतात, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसण्याची तक्रार त्यांत जास्त असते. पडद्याचा आजार किंवा काचबिंदू असेल तर ती बहुधा बसवूच नयेत. ससूनमध्ये किंवा औंधला बसवतात ते साधे भिंग 'गरिबांचे' नव्हे. ते बसवून घेतल्यावर वाचायला लागते ती मंडईतली शे-दोनशेची चाळिशी.